नळीत बसवायचं काम

आज तलासरीत उकाडा असा, की झाडाचं पान हलत नाही. अशा दिवशी मागचं सगळं आठवत राहतं. इथल्या लॅबमध्ये बारा वर्षं उंदीर सांभाळले. शाळा केली नाही, अक्षरं पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर शिकलो. किस्से मात्र पोतंभर साठले.

*

काम असं. जाग्या उंदराच्या मेंदूचा फोटो मोठ्या मशीनमध्ये काढायचा. हलला की फोटो बिघडला! म्हणून आधी अरुंद नळीत पडून राहायची सवय लावायची. आज पाच मिनिटं, उद्या दहा. मशीनची ठकठक स्पीकरवर ऐकवायची. पहिल्या दिवशी उंदीर ओरडतो, मुततो. आठव्या दिवशी आपणहून नळीत शिरतो.

नवे साहेब म्हणाले, "वा काका, आवडतं की त्याला!"

मी म्हटलं, "साहेब, मीपण रोज आपणहूनच येतो की!"

*

एकदा पाहुण्यांनी विचारलं, "यांना त्रास होतो का?"

लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "नाही, ॲडजस्ट होतात."

मागच्या पिंजऱ्यातला उंदीर तेव्हा आपल्याच पायाचे केस उपटत होता. मी पाहुण्यांच्या आणि पिंजऱ्याच्या मध्ये उभा राहिलो.

*

सात नंबरचा उंदीर काही नळीत बसेना. मॅडम म्हणाल्या, "शनिवारपर्यंत बघू. नाहीतर बाद." बसणारा वर्षभर जगतो. बाद म्हणजे गॅसचा डबा.

मी गुपचूप बोटाला पिकलेला चिकू लावून नळीच्या तोंडाशी धरला. शुक्रवारी गडी अर्धा तास गप्प! मग वाटलं, एकालाच का? बॅचमधल्या बाराही जणांना चाटवला.

*

फोटोच्या दिवशी मॅडम स्क्रीनकडे बघतच राहिल्या. ठकठक चालू, आणि मेंदू भलत्याच वेळी पेटलेला. मी दारात आलो की पेटायचा. बाराही जणांचा!

"काका, खिशात काय आहे?"

"चिकू, मॅडम. आशागडचा. घ्या ना, गोड आहे."

त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, "हे सगळे फोटो चिकूचेच आले. सगळी बॅच बाद."

मग खाली बघून म्हणाल्या, "डब्यापाशी तुम्हीच आणून द्या. तुम्हाला बघून पळत नाहीत."

एकेक करून दिले. सात नंबर वाटेत माझं बोट चाटत होता.

*

त्याच संध्याकाळी झरी गावी घरी आलो. ओट्यावर बसलो, जेवण नको म्हटलं. शेजारची जानी आली, काखेत कोंबडा. तिच्याकडे पाहुणे उतरले होते, नवरा सुरी घेऊन मागे उभा. कोंबडा माझ्या मांडीवर ठेवत ती म्हणाली, "लहानूकाका, जरा धरा ना. तुम्ही धरला की फडफडत नाही."