आड येणारी फांदी

मिंदोच्या घाटात बस चालवण्यात सेगुंदोचा जन्म गेला, पण निळ्या छातीचा, मोठ्या चोचीचा डोंगरी टुकान पक्षी काही त्याला दिसला नव्हता. रविवारी तर मुलीकडे कीतोला कायमचं जायचं. दुर्बीण घेऊन तो अंगणात नुसता येरझारा घालत होता. रानअवोकॅडोची फांदी आड येते म्हणून त्याने ती तोडूनही टाकली.

"अहो, पाहुण्याचं ताटच उचललंत की," त्याची बायको सोइला म्हणाली. "तीच फळं खायला येतो तो."

शनिवारी शेजारच्या अन्सेल्मोच्या झाडावर चोच खटखटली. पानांआडून निळी छाती तेवढी दिसली.

"कोयता आणू का, दादा?" अन्सेल्मोने कुंपणावरून डिवचलं.

"हात लावून तर बघ," सेगुंदो कुजबुजला आणि जागीच बसला.