पंचमीला पेटलेला भाता

पुण्याहून निघताना मी बायकोला ऐटीत सांगितले, "मोटारीतले मला सगळे कळते." ही माझी या प्रवासातली पहिली थाप. दुसरी फार वाईट होती आणि तिच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. खंडाळ्याच्या धबधब्यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील.

मोटार म्हणजे माझ्या मेव्हण्याची जुनी छोटी लॉरी. पुढे दोघांपुरती बैठक, मागे फळ्यांचा उघडा हौदा. हौद्यात वीस खुर्च्या, दोन सतरंज्या आणि बाजाची पेटी, वरून ताडपत्री. खंडाळ्याला एका शेटजींच्या बंगल्यावर त्या संध्याकाळी गाण्याची बैठक होती आणि सामान वेळेवर आणण्याची हमी मी चारचौघांत दिली होती.

श्रावणातले दिवस. वडगाव मागे पडले तशी दोन्ही बाजूंना भाताची खाचरे (बांध घातलेली शेते) हिरवीगार दिसू लागली, पण त्यांत माणूस एकही नव्हता. कामशेतला चहाबरोबर भजी मागितली, तर हॉटेलवाला म्हणाला, "आज कढई चढवत न्हाई आमी." मी त्याला आळशी ठरवून पुढे निघालो.

लोणावळे दोनेक मैलांवर राहिले होते. औंढ्याकडे वाट फुटते तिथल्या चढावर गिअर बदलायला क्लच दाबला, तर पाय थेट फळीला टेकला. खाली वाकून पाहिले. पायाचा दाब क्लचपर्यंत नेणारा लोखंडी दांडा लोंबत होता; त्याच्या टोकाचा डोळा, म्हणजे खिळीसाठीचे भोक, तुटून गेला होता. माझे मोटारीचे ज्ञान तिथेच संपले.

वाटेच्या तोंडाशीच लोहाराची साळ (कामाची शेड) होती, म्हणून मला हायसे वाटले. पण लोहार धुतलेले धोतर नेसून नुसता बसला होता. ऐरणीवर हळदकुंकू वाहिलेले, भिंतीवर चंदनाने नाग काढलेला, भाता गार.

"आज पंचमी हाय, रावसायब," तो म्हणाला. "आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई. उद्या उजाडल्याबरूबर करून देतो."

"मग बैल लावून लोणावळ्यापर्यंत तरी ओढून द्या."

"बैलबी आज जुपत न्हाईत."

माझ्या डोळ्यांपुढे शेटजी आणि जमिनीवर बसलेले पाहुणे उभे राहिले. मी म्हणालो, "अहो, माझा पाच वर्षांचा मुलगा खंडाळ्याला तापाने फणफणलाय. त्याचं औषध घेऊन चाललोय."

मला पाच वर्षांचा मुलगा नाही. मला मूलच नाही.

एवढ्यात आतून एक बाई आली. ती त्याची थोरली बहीण, ठकूबाई, पंचमीसाठी माहेरी आलेली. भावासाठी धरलेला आदल्या दिवसाचा उपास अजून सोडायचा होता.

"गणू, पेटव," ती म्हणाली.

"आक्का, आगं तुजा उपास माज्यापायी आन् म्याच लोखंड तोडू?"

"लेकराचा जीव हाय. मी म्हंते, पेटव."

लोंबता दांडा मी सोडवून आणला; भाता तिनेच ओढला. तुटके टोक लाल झाल्यावर गणूने क्षणभर डोळे मिटले आणि छिन्नी ठेवून घण मारला. टोक तुटून पडले तेव्हा ठकूबाईचा हात भात्यावर थांबला होता. मग त्याने दांड्याचे टोक चपटे करून वळवले, नवा डोळा घडवला. दांडा बोटभर आखूड झाला, ती कसर त्याने दुसऱ्या टोकाच्या आट्यांवरचा नट फिरवून भरून काढली. लॉरीखाली तो बराच वेळ उताणा पडला होता. बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता त्याने हात पुसले.

ठकूबाईने पळसाच्या पानात दोन दिंडं (पुरण भरून उकडलेला गोड पदार्थ) बांधून दिली. "लेकराला द्या. आन् उद्या परतताना, कसं हाय ते सांगून जावा."

"उद्या दुपारी येतोच," मी म्हणालो.

ती दिंडं मी घाटाच्या कडेला लॉरी उभी करून, समोरचे धुके बघत खाल्ली. गोड होती.

बैठक छान रंगली. शेटजींनी आग्रह केला म्हणून दुसरा दिवस राहिलो, दरीत उतरणारे ढग पाहिले, पत्ते खेळलो. तिसऱ्या दिवशी निघालो. औंढ्याच्या वाटेशी न थांबताच जायचे मी ठरवले होते, हेही लिहून टाकतो. पण गणू रस्त्यातच उभा होता.

"आक्का तुमची वाट बघतीया," तो म्हणाला. "पोर उठून बसल्यालं कळंस्तवर जेवायची न्हाई म्हंती. नुसती पान्यावर हाय."

मी खाली उतरलो. "गणूभाऊ, मी खोटं बोललो. मला मुलगा नाही."

"ठावं हाय. खालनं फळीच्या फटीतनं खुर्च्या दिसल्या."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"लोखंड तर तोडून झालं व्हतं. लय राग आला. मग म्हनलं, बरंच हाय की, कुनाचं लेकरू आजारी न्हाई." माझ्याजवळ सरकून तो म्हणाला, "आक्काला खरं सांगू नगा. तिला मी येकलाच भाऊ. खुर्च्यांपायी पंचमी मोडली म्हनून कळलं, तर माज्या जिवाचा घोर लावून बसंल जलमभर. पोर बरं हाय म्हना."

ठकूबाई उंबऱ्यात बसली होती. ओठ सुकलेले. "कसं हाय लेकरू?"

"बरा आहे. उठून बसला. दिंडं खाल्लीन."

तिने आभाळाकडे बघून हात जोडले, आतून भाकरी आणली, तुकडा मोडला आणि तो आधी माझ्यापुढे धरला. "पयला घास तुमी घ्या. बाप हाय तुमी."

मी घेतला. तिच्यादेखत खाल्ला. मग ती जेवली आणि गणू तिच्याजवळ बसून राहिला.

पुण्याला पोचेपर्यंत क्लच एकदाही अडला नाही. दारात बायकोने विचारले, "प्रवास कसा झाला?" मी ठीक म्हणालो. बारा वर्षे ती मुलासाठी नवस करते आहे. त्या मुलाला मी वीस खुर्च्यांसाठी तापाने आजारी पाडले आणि त्याचा खाऊ रस्त्यात खाल्ला, हे तिला अजून सांगितलेले नाही. आता वाचेल.