हंगामभर अनवाणी

चूक माझीच. अमेरिकेतला बेसबॉल आप्पांना फोनवर मीच लावून दिला. माझे वडील तीस वर्षं खेळाचे शिक्षक होते. गावोगावच्या मुलींना त्यांनी बेसबॉल शिकवला, मलाही शिकवला, पण पोटापाण्यासाठी खेळणाऱ्या लोकांचा सामना काही त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. रिटायर झाल्यावर घरात बसून ते मायला फोडणीवरून सूचना द्यायला लागले, तेव्हा तीच मला म्हणाली, "ह्यांना कुटंतरी गुतव बाई, माझं डोस्कं खायलेत." मी गुंतवलं. तिकडं संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडं सकाळ, त्यामुळे आप्पांचा सामना बरोबर चहाच्या वेळेला लागायचा.

एवढ्या टीम पडलेल्या असताना त्यांनी निवडली ती तळाशी लोळणारी. "जितणाऱ्याला टाळ्या वाजवायला सारं जग हाय," म्हणाले. तिथला हंगाम सहा महिन्यांचा, सामना जवळजवळ रोज. शेवटी वरच्या मोजक्या टीम बाद फेरीत जातात, बाकीच्या घरी. आप्पांची टीम दरवर्षी घरी. त्या साली पाडव्याच्या सुमारास नवा हंगाम लागला आणि आप्पांनी मारुतीच्या पारावर, चार माणसांसमोर, नवस बोलला: टीम बाद फेरीत जाईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही.

गाव हसलं. आमच्याकडं पोरीचं लग्न जमावं म्हणून, बोअरला पाणी लागावं म्हणून चपला सोडतात. मारुतीला बेसबॉल कळतो का, यावर पारावर आठवडाभर चर्चा झाली. मीही हसले. माय तेवढी हसली नाही. आप्पांना पंधरा वर्षांची शुगर होती आणि तळपायाची जाण कधीच गेलेली होती. उन्हाळ्यात परभणीच्या डांबरावर माणूस चप्पल घालूनही उड्या मारत चालतो. आप्पा शांत चालायचे, कारण त्यांना काही लागतच नव्हतं.

टीम बरी खेळत होती, ही आणखी एक पीडा. पार हरली असती तर मी आशा सोडून भांडले तरी असते.

जुलैत एका सकाळी मी शाळेला निघाले होते. मी पलीकडच्या वस्तीवरच्या शाळेत शिकवते. बघते तर दारापासून खाटेपर्यंत फरशीवर लाल ठिपके. आप्पा खाटेवर बसून सामना बघत चहा पीत होते. उजव्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा आरपार गेलेला, आणि ते मला सांगत होते, "थांब, तिसऱ्या बेसवर माणूस हाय." मी तो काटा ओढून काढला तरी त्यांनी स्क्रीनवरून नजर हलवली नाही.

जखम चिघळली. परभणीच्या डॉक्टरांनी ती साफ केली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "अंगठा वाचला, नशीब समजा. आता अनवाणी फिरले तर पुढच्या खेपेला पाय ठेवता येईल का, ते मी सांगू शकत नाही."

मी घरी येऊन रडले, ओरडले. आप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बँडेज चालतं म्हणाले, कारण ते औषध. मायनं बँडेजवर कॅरीबॅग बांधली, तर ती चपलेत मोडते की नाही यावर त्यांनी अर्धा तास विचार केला आणि सोडून टाकली. "जिंदगीभर पोरींना सांगितलं, पंचानं दिलेला निकाल मानायचा. आता मीच पळवाट काढू?" माय म्हणाली, "पोरींचे पाय शाबूत हुते." त्यावर त्यांनी मान हलवली, पण चप्पल काही घातली नाही.

तेव्हापासून मी त्या टीमची भक्त झाले. ज्या खेळाला शिव्या घालत होते त्याचे आकडे मधल्या सुट्टीत चोरून बघू लागले. कुठला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, लंगडतोय, कोणाचा खांदा दुखतोय, मला सगळं पाठ. सगळे डोळे लावून बसतात ट्रॉफीवर, मी बसले होते आप्पांच्या पायावर.

सप्टेंबर संपत आला आणि गोष्ट एका सामन्यावर आली. रविवार होता. जिंकले तर बाद फेरी, हरले तर हंगाम संपला. सकाळी साडेसातला आम्ही तिघं खाटेवर बसलो. माय पहिल्यांदाच बसली होती आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, "आपले कोनते?" आठव्या डावापर्यंत चहा तिघांचाही गार झाला. नवव्या, शेवटच्या डावात एका धावेनं मागे, दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ खलास, तिन्ही बेसवर आपली माणसं. एक फटका, की आप्पांच्या पायात चप्पल.

फटका बसलाही. चेंडू उंच गेला, मी उठून उभी राहिले, मायनं माझा हात घट्ट धरला. कुंपणाला पाठ टेकून उभ्या असलेल्या समोरच्या टीमच्या पोरानं तो अलगद झेलला.

आप्पांनी फोन बंद केला, पाय खाली सोडले आणि म्हणाले, "फुडल्या साली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुढल्या साली म्हणजे आणखी एक उन्हाळा, आणखी काटे. मी तशीच पारावर गेले, पायातल्या चपला काढून फेकल्या आणि बसलेल्या चार माणसांसमोर मोठ्यानं म्हटलं, "आप्पा चप्पल घालत न्हाईत तवर मी बी घालणार न्हाई." भक्तीबिक्ती काही नव्हती. निव्वळ राग होता.

दुसऱ्या दिवशी शाळेला अनवाणी निघाले. सोयाबीन नुकतंच काढलेलं, पायवाटेवर उभी धसकटं, सुया परवडल्या. माझ्या पायांना जाण होती, चांगली होती. आप्पा दारात उभे राहून बघत होते. "येडी हायस का?" म्हणाले. मी म्हटलं, "तुमचीच लेक हाय." संध्याकाळी माय माझे तळवे कोमट पाण्यात धरून बसली, तर ते दुसऱ्या खोलीत निघून गेले. दुसरा दिवसही तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी शाळेतून परत येताना टाच टेकवत नव्हती. पारापाशी माणसं उभी होती. आप्पा रस्त्यावरच थांबलेले. चपला घालून पारावर चढता येत नाही, आणि त्यांच्या दोन्ही पायांत चपला होत्या. तिथूनच हात जोडून ते मारुतीला म्हणत होते, "नवस म्या मोडला, देवा. काय करायचं ते मला कर. पोरीकडं बगू नगंस."

मग ते वळले. माझ्या चपला त्यांनी काखेत धरून आणल्या होत्या, मी फेकलेल्या. सगळ्या गावासमोर ते खाली वाकले आणि त्यांनी त्या माझ्या पायापुढं नीट, जोडीनं ठेवल्या.

"घाल, माय," म्हणाले.