रुमालाखालचा भाव

त्या तपासनिसाची आठवण झाली की आजही माझं टाळकं फिरतं.

अमरावतीच्या शाळेत लहान पोरांना इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडे होतं. आधीच्या मास्तरांची रीत म्हणजे छडी आणि घोकंपट्टी. पोरं 'कॅट कॅट' करून घसा कोरडा करायची, पण समोरून मांजर गेलं तर ओळखतील तर शपथ! दिवस कापसाच्या तेजीचे. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, इकडे आमच्या कापसाला सोन्याचं मोल. रस्त्यात कापसानं लादलेल्या बैलबंड्याच बंड्या. पोरांचा सगळा जीव बाजारात अडकलेला. म्हटलं, मग बाजारच वर्गात आणू.

एक पोरगा शेतकरी, एक दलाल, एक गोरा खरेदीदार. मधे मूठभर खरा कापूस. "गुड कॉटन!" "नो, बॅड कॉटन! वेट कॉटन!" अशी इंग्रजीत भांडणं जुंपायची. पोट्टे हसून हसून लोळायचे. छडीला भिऊन पळालेलं एका माळ्याचं पोट्टं या खेळापायी परत आलं आणि सगळ्यांच्या पुढे गेलं. बाप मला म्हणाला, "गुरुजी, तपासनिसानं पास केलं त शिकू द्या. नाईतं मले वाडीत पानी द्याले मानूस पायजेच."

आता आमच्या बाजाराची एक रीत. मालावर वाट्टेल तेवढं भांडा, पण भाव तोंडानं सांगायचा नाही. रुमालाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून सांगायचा. चारचौघांत भाव बोलणारा येडा. पोरंही खेळात तसंच करायची.

तपासनीस पुण्याचा. आमची बोली कानावर पडली की नाक मुरडायचा. परीक्षा घ्यायला तो वर्गात आला, खेळातला कापूस उचलला आणि माळ्याच्या पोराला विचारलं, "हाऊ मच?"

पोराला कोण आनंद! एवढा मोठा साहेब खरेदीदार झाला! त्यानं माझ्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, साहेबाच्या हातावर टाकलं आणि खालून बोटं दाबली. साहेब विंचू चावल्यासारखा उठला.

"हा काय चावटपणा? मुकं आहे का हे पोर?"

मी म्हटलं, "साहेब, त्याला प्रश्न कळला म्हणूनच त्यानं भाव सांगितला. इथली रीत आहे ही. मालाबद्दल विचारा, घडाघडा बोलेल."

"ही शाळा आहे, बाजार नव्हे," तो म्हणाला. पोराला नापास केलं आणि खेळ बंद करायचा हुकूम सोडला. आमचे मोठे मास्तर शेजारीच उभे. स्वतःचा कापूस त्याच रुमालाखाली विकणारा माणूस! तो आपल्या पायातल्या जोड्यांकडे बघत राहिला. त्या दोघांत जास्त राग कोणाचा, अजून ठरवता येत नाही मला.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा घोकणं. मी भांडभांड भांडलो. "वरचा हुकूम," मोठे मास्तर म्हणाले. वरचा हुकूम म्हणे! शाळाभर एकच गलका, आणि अर्थ कोणालाच ठाऊक नाही. मी बापाच्या हातापाया पडून, त्याचा शब्द घेऊन पोराला शाळेत ठेवलं. थोडे दिवस आला, मग यायचा थांबला.

तणतणत वाडीवर गेलो. बापावर ओरडलो, "शब्द दिला होतास ना?"

"माह्यावर काहून तापता, गुरुजी? म्या नाई रोखलं. त्यालेच इचारा."

पोरगा वांग्याच्या वाफ्यात पाणी वळवत होता. मान वर न करता म्हणाला, "शाळेत आता निस्तं वरडाले लावतात, गुरुजी. बोलू कोन देते?"