तिघांपैकी दोघं

स्वारगेटवर महाडची एसटी फलाटाला लागली आणि मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. मला घाट लागत नाही, गाडी लागत नाही. पण शेजारी सुनील आणि मुकुंद बसले होते, दोन दिवस त्यांच्या सोबतीत काढायचे होते, आणि एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती.

ही पंचाऐंशीच्या थंडीतली हकिकत. आम्ही तिघं पुण्यात प्रोग्रामिंग शिकत होतो. संस्थेत संगणक एकच आणि मुलं ढीगभर. कागदावर प्रोग्राम लिहायचा आणि मशीनवर पाळी येईपर्यंत ताटकळत बसायचं. त्या ताटकळण्यातच आमची ओळख झाली. तिघंही मुखदुर्बळ. वर्गात मी तोंड उघडलं तर शेजारचा दचकायचा. पण या दोघांजवळ बसलं की गप्प राहण्याचं ओझं वाटायचं नाही, आणि प्रोग्रामचा विषय निघाला की मी चक्क बडबडायचो. अशी माणसं मला जन्मात पहिल्यांदाच भेटली होती.

आणि गुरुवारी सरांनी फर्मान काढलं: एका प्रोजेक्टला दोघंच. मशीनला तेवढा वेळ नाही. सोमवारी नावं पक्की होणार. आमची नावं तीन. कोण गळणार हे मला तिथल्या तिथे कळलं. सुनीलचं डोकं तल्लख, मुकुंदच्या कामात एक चूक सापडायची नाही. उरलो मी. दोघं इतके भिडस्त, की तोंडाने कधीच म्हणणार नाहीत. म्हणून शुक्रवारी मीच सरांकडे गेलो आणि माझं नाव काढा म्हणालो. सर मान वर न करता "बरं" म्हणाले. झालं! आता या दोघांना सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि सुनीलच्या गावी जायचं तर आधीच ठरलेलं होतं.

भोर मागे पडलं आणि वरंधा घाटाची वळणं सुरू झाली. मुकुंदने खिडकीच्या धुळीवर बोटाने ड्रायव्हरसाठी प्रोग्राम लिहायला घेतला. डावं वळण आलं तर चाक असं, उजवं आलं तर तसं, दरी दिसली तर थांब. सुनीलने शेवटची ओळ पुसून टाकली.

"दरी सगळीकडेच दिसते. तुझी गाडी भोरलाच राहील."

आम्ही हसून हसून बेजार झालो. मग घाट उतरेपर्यंत तिघंही गप्प. कंडक्टर तिकिटांची पेटी सावरत जवळ आला.

"काय रे, आत्ता तर खिदळत होतात. भांडलात काय?"

"नाही, विचार करतोय," मुकुंद म्हणाला.

"एसटीत?" असं म्हणून तो पुढे गेला.

विचार मी मात्र वेगळाच करत होतो. आता सांगावं, का महाड आल्यावर? महाड आलं. सुनील आम्हाला सरळ चवदार तळ्यावर घेऊन गेला. गावी येताना तो आधी इथे थांबतो. पायऱ्या उतरून त्याने ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि वर आला. आम्हीही तसंच केलं. तिथे माझं रडगाणं काढायचं मनात आलं नाही.

सुनीलच्या गावाला, तुडीलला जाणारी गाडी खाडीपट्ट्यातून (सावित्रीच्या खालच्या अंगाच्या गावांतून) रमतगमत गेली. सुनीलचं घर बौद्धवाडीत, वडील शाळेत गुरुजी. त्यांनी "जयभीम" करून आम्हाला ओटीवर बसवलं, संगणकाबद्दल दोन-चार नेमके प्रश्न विचारले आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. घुमेपणा सुनीलने कुठून उचलला ते कळलं. आई मात्र सगळ्यांच्या वाटणीचं बोलणारी. तांदळाची भाकरी, कांद्यात परतलेली सुकट (वाळवलेला जवळा) आणि वालाचं बिरडं. मी मेल्या मनाने जेवत होतो तरी तिसरी भाकरी कधी संपली ते समजलं नाही.

"पाय नको हलवू रे बाला," ती मला म्हणाली. "मगापासून बघत्ये. कसला घोर लागलाय तुला?"

"काही नाही, काकू."

"काय नाय कसं? आमचा सुन्या पन आल्यापासून असाच हाय. तोंडात जीभ हाय का नाय, कलत नाय."

सुनीलने मान आणखी खाली घातली.

दुपारी त्याने चुलीतला कोळसा आणला आणि सारवलेल्या अंगणात आम्ही प्रोग्रामचा अख्खा आराखडा काढला. चौकटी, बाण, पुन्हा चौकटी. पार गोठ्यापर्यंत. मुकुंद चौकटीतून चौकटीत उड्या मारत होता, सुनील प्रत्येक बाणाला हरकत घेत होता, आणि मी ओरडून ओरडून दोघांना खोडून काढत होतो. मी! दोन कोंबड्या मधूनच चालत गेल्या तर मुकुंद म्हणाला, "ह्या कुठल्या फाट्यावरून आल्या बघा, तिथे गळती आहे." शप्पथ सांगतो, इतकी सुखाची दुपार मला आठवत नाही. पण दोन दिवसांनी हे सगळं त्या दोघांचंच होणार होतं, आणि ते माझ्याच करणीने.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर सव या गावी उतरलो. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. वाफाळत्या पाण्यात पाय सोडून बसलो. पलीकडे एक आजोबा गुडघे शेकत होते.

"पुन्याचं काय रे तुमी? काय शिकताव?"

"कम्प्युटर," सुनील म्हणाला.

"त्ये मशीन आपनहून इचार करतं म्हंतात."

"नाही आजोबा. त्याला सगळं सांगावं लागतं. न सांगता त्याला काही कळत नाही."

हे ऐकून मी पाण्यात पाय इतके जोरात आपटले, की मुकुंदचा सदरा भिजला. आता सांगतोच, असं ठरवून तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाणी फार गरम आहे." दोघांनी माना डोलावल्या. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पोलादपूरला भजी खाल्ली आणि महाबळेश्वरमार्गे पुण्याला जाणारी गाडी धरली. आंबेनळी घाट अर्धा चढलो असू, तर इंजिनातून भसाभसा वाफ आली. ड्रायव्हरने चाकामागे दगड लावला, कंडक्टर डबा घेऊन पाणी शोधायला गेला. आम्ही कठड्यावर बसलो. खाली सावित्रीचं खोरं उन्हात पसरलेलं, समोर कड्यांच्या रांगा. बघण्यासारखं होतं, पण माझं चित्त थाऱ्यावर कुठे?

मुकुंदने खिशातून घडी केलेला कागद काढला. "कालचा तो गोठ्याजवळचा भाग उतरवून घेतलाय," तो म्हणाला. "सोमवारी मशीनवर तुम्ही दोघं आधी हाच चालवून बघा."

"तुम्ही दोघं म्हणजे?" मी विचारलं.

"तू आणि सुनील." तो दरीकडे बघत म्हणाला. "मी नाव काढलंय. शुक्रवारीच. तुमची अडचण नको."

सुनील ताडकन उठला. "तू कशाला काढलंस? मी काढलंय ना!"

"अरे, पण मी काढलंय!" मी किंचाळलोच.

आणि मग मी जो सुटलो तो सुटलोच. गाढवांनो, एका शब्दाने विचारता येत नव्हतं? दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. ("तीन भाकऱ्या खाल्ल्यास," सुनील पुटपुटला.) मला दुसऱ्या कुणाबरोबर करायचं नाही, मला तुम्ही हवे आहात, तुम्ही सोडून माझं आहे कोण! एवढं बोललो आणि रडूच फुटलं. मुकुंदही चष्मा पुसायला लागला. गाडीतली माणसं खिडक्यांतून माना काढून बघत होती. एक बाई करवंदाच्या जाळीशी विसावली होती, ती म्हणाली, "रडा रं पोरानू, मोकलं व्हा. गाडी काय इतक्यात निंगत नाय."

तिचं खरं ठरलं. गाडी निघेपर्यंत उन्हं कलली.

सोमवारी सरांच्या दाराशी उभे राहिलो. कोणी बोलायचं यावर खुणाखुणी झाली आणि मीच आत शिरलो.

"सर, आम्ही तिघं. काढलेली नावं परत घाला. दोघांचं होणार नाही."

सरांनी या खेपेला मान वर केली. "मशीनचा वेळ दोघांचाच मिळेल. जमेल?"

"जमेल," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

घरच्यांनी विचारलं, दोन दिवसांत काय बघून आलास? तळं बघितलं, खाडी बघितली, झरे बघितले, सगळं सांगितलं. एक मात्र सांगितलं नाही. गाडी घाटात अडकली नसती, तर आम्ही पुण्याला उतरून एकमेकांचा नीट निरोप घेतला असता, सोमवारी तिघं तीन बाकांवर बसलो असतो, आणि कोणी कोणाला का म्हणून विचारलं नसतं.