भुलाबाईचे डोळे

बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावात त्या भादव्यात मोठ्या माणसांना सणाचं काही पडलं नव्हतं. पोरींना मात्र पौर्णिमेला भुलाबाई बसवायची होती. मग महिनाभर घरोघरी गाणी आणि डब्यात कोणती खिरापत आहे ते ओळखणं.

आमच्या गल्लीतल्या मूर्ती मीच करत आले. भुलाबाई म्हणजे पार्वती, शेजारी भुलोजी म्हणजे शंकर, तिच्या मांडीवर गणपती. मातीत कापूस कुटून कालवला की मूर्ती तडकत नाही, हे सासूनं शिकवलं. शाळा माझी चौथीपर्यंत. बाकी जे आलं ते हातानं आलं.

त्या वर्षी तो हातच कापायला लागला. माती थापताना चालून जायचं, पण डोळे काढताना ब्रश गालावर घसरायचा. एक डोळा कपाळाकडे, दुसरा कानाकडे. पौर्णिमा चार दिवसांवर होती. यंदा डोळे जमले नाहीत तर हे काम कायमचं सुटणार, हे मला कळत होतं. घरात कुणाला बोलले नाही.

अकोल्याला शिकणारी नात तापातून उठून आरामाला आली होती. दिवसभर फोन. स्वतःच्या फोटोला कुत्र्याचे कान लावून हसत बसायची.

"काय वं, तुले तुह्यं तोंड आवडत नाई का?"

"फिल्टर म्हणतात याले आजी. थांब, तुह्या भुलाबाईले लावू."

तिनं फोन मूर्तीसमोर धरला. कान काही लागेनात. मागे सरकली, पुढे आली.

"काहून वं?"

"फोन म्हणते, येथं चेहराच नाई."

मला राग आला. फोनचा नाही, तो खरं बोलला म्हणून. ब्रश पाण्यात टाकला आणि म्हटलं, "मंग त्या फोनकूनच करून घ्या भुलाबाई. मी नाई करत आता."

मला वाटलं, पोरगी उठून जाईल. ती तिथंच बसून माझेच फोटो काढत राहिली आणि एकेक रंग लावून मला दाखवू लागली. एकात मी हळदीत बुडवल्यासारखी, एकात निळी. मी पाहत नव्हते. मग एकात सगळं निव्वळ काळं आणि पांढरं झालं, मधलं काहीच उरलं नाही. तो मी हातात घेतला.

डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. पापणी नाही, भुवई नाही. नाकाची एक सावली. तरी ती मीच होते, तीही रागावलेली.

"असा तुहा काढ," मी म्हटलं. मग शेळीचा काढायला लावला, मग भिंतीवरच्या सासूच्या फोटोचा. कुणाच्याच डोळ्याला रेघ नव्हती, आणि सगळे ओळखू येत होते. रेघेला हात स्थिर लागतो. ठिपका एकदाच टेकवायचा असतो, कापायला वेळच मिळत नाही.

ओल्या फडक्यानं भुलाबाईचे डोळे पुसले. आगकाडीला कापूस गुंडाळला, काजळीत बुडवला आणि टेकवला. पहिला पसरला. पुसला. दुसरा नाकावर पडला. तिसऱ्यांदा दोन्ही बसले. नातीनं फोन धरला आणि ओरडली, "सापडला! चेहरा सापडला!" भुलाबाईला लांब कान आणि जीभ.

"कान काढ आधी. देव हाय थो."

भुलोजीलाही फोननं ओळखलं. गणपतीला नाही.

"सोंडेपायी," नात म्हणाली.

"त्याचं राहू दे. त्याले सारं गाव ओळखते."

मग मलाच गोडी लागली. दोन दिवस गल्लीतल्या सगळ्या मूर्तींना आम्ही हेच केलं. एका फिल्टरमध्ये भुलाबाईचं गुलाबी लुगडं विटकरी दिसलं, तर मी रंगात लाल माती मिसळली. इतकी वर्षं तोच गुलाबी लावत होते, कारण डबा तोच यायचा.

पौर्णिमेला पोरी आल्या. सगळ्यात तोंडाळ होती तिनं मूर्ती उचलून पाहिली. "आजी, पापण्या काहून नाईत?"

"नाईत. न्याची असन तं ने."

तिनं मूर्ती उजवीकडे केली, डावीकडे केली. "कुठंही नेली तं मह्याकडंच पाहून राह्यली," म्हणाली आणि पदराखाली झाकावी तशी ओढणीत झाकून घेऊन गेली.

नातीला त्या दिवशी मी सांगितलं की तुझ्यामुळं माझं काम वाचलं. मी असं कुणाला सहसा सांगत नाही. ती "हो का?" म्हणाली आणि फोनमध्ये मला मिशा लावल्या.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या घरची पोरगी आली. त्यांचं सगळं रान अळीनं गेलं होतं आणि तिच्या आईनं यंदा भुलाबाई नको म्हणून सांगितलं होतं. आता आईनंच पाठवलं होतं. मूर्ती तर उरली नव्हती. मी तिला थांबायला सांगितलं, माती भिजत घातली आणि नातीला म्हटलं, "फोन ठेव. कापूस पिंज."