ठिणगी पडली की थांबणारं मशीन

धुळ्यातली आमची फॅब्रिकेशनची शेड माझ्या जेठांच्या नावावर आहे, आणि हे मला लग्नापासून कोणी विसरू दिलेलं नाही. जेठ म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर उभी असले तरी जे सांगायचं ते नवऱ्याला सांगत. रीत म्हणून नव्हे. घरातल्या बाकी सगळ्या बायकांशी ते बोलायचे.

माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. शेडमध्ये गेटची नक्षी जेठ स्वतः गॅस कटरने कापायचे. मी आणि नवऱ्याने पत्रा कापायचं प्लाझ्मा मशीन घरीच बनवायला घेतलं. लोखंडी टेबल, त्यावर मोटारींनी सरकणारी टॉर्च म्हणजे पत्रा कापणारी नळी, आणि कॉम्प्युटरवरचं चित्र त्या मोटारींना समजावणारं कार्ड. वेल्डिंग त्याचं, वायरिंग माझं.

टॉर्चच्या जागी पेन बांधून पाहिलं तेव्हा मशीनने कागदावर मोर अगदी जसाच्या तसा काढला. मग टॉर्च लावली. ठिणगी पडली, वीतभर पत्रा कापला गेला आणि सगळं थांबलं. पडद्यावर सूचना आली, टॉर्च टेबलाच्या कडेला धडकली. टॉर्च तर मधोमध होती. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

जेठ दारात उभे होते. नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, हाई बठ्ठं भंगार शे."

वाया गेलेले पत्रे त्यांनी मागे टाकू दिले नाहीत. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसतील असे दारालगत उभे करून ठेवले. कोणी विचारलं की माझ्याकडे बोट करायचे.

कारण मला कळत होतं. प्लाझ्माची ठिणगी पडताना आजूबाजूच्या वायरींमध्ये वीज उगाच उसळते, आणि कार्डला ती खरा संदेश वाटते. टॉर्च कडेला धडकली की मशीन थांबवणारे जे स्विच होते, त्यांच्या वायरी मी कार्डवरून काढल्या. मशीन मधेच थांबायचं बंद झालं, पण रेघ वाकडी जायला लागली. म्हणजे मोटारींच्या वायरींमध्येही तेच होतं. दिसायला नीट म्हणून मी टॉर्चची केबल आणि मोटारींच्या वायरी एकाच जुडग्यात बांधल्या होत्या. त्या सोडवून दोन बाजूंनी नेल्या. जळगावहून जाळीच्या आवरणाची वायर आणली, जुनी सगळी उसवून ती घातली. फरक पडला, पण भरवसा येईना. चार तुकडे सरळ कापायचं, पाचव्याला बिथरायचं.

"नसेल जमत तर सांग," नवरा एकदा म्हणाला. आवाज त्याचा होता, वाक्य भावाचं होतं. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही.

शेवटी मी साधा बल्ब घेतला. फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला, पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये लावला, पेटला नाही. वायरीवरची जाळी जी वीज गोळा करत होती, तिला जमिनीत जायला वाटच नव्हती. मीटरजवळून निघालेली अर्थिंगची तार धरत शेडमागे गेले. तिथे पूर्वी अर्थिंगचा खड्डा होता. आता टेम्पो उभा करायला जेठांनी कोबा केला होता, आणि तार भिंतीपाशी कापलेली होती.

मी सरळ त्यांच्यासमोर गेले. अर्थिंग कोणी काढलं, असं विचारलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहत सांगितलं की कोबा करताना काढलं, दिवे काही बंद पडले नाहीत.

"मी वायरी उसवत होते तेव्हा तुम्हाला हे आठवत होतं का?"

त्यांनी नवऱ्यावरची नजर काढली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून म्हणाले, "आठवत व्हतं. पन हाई मशीन चालनं ते मना हातले काय काम ऱ्हाई?"

त्यांचं दुःख मला समजलं नाही असं नाही. पण नवरा दिवसभर त्याच लोखंडी टेबलाला टेकून उभा असायचा. अर्थिंग नसताना कुठली वायर सोलवटून टेबलाला लागली असती तर तो तिथेच चिकटला असता. मी हे बोलून दाखवलं. जेठांनी मान फिरवली आणि नवरा मला म्हणाला, जाऊ दे, मोठे आहेत. मला दोघांचाही सारखाच राग आला.

नवा खड्डा नवऱ्यानेच खणला. कोळसा, मीठ, तांब्याचा रॉड. टेबलापासून थेट तिथवर जाड तार आणि सगळ्या जाळ्या एकाच ठिकाणी जोडलेल्या. बल्ब पेटला. पिंपळनेरच्या एका गिऱ्हाइकाच्या गेटचा मोर पहिल्या पत्र्यातून शेवटपर्यंत न थांबता निघाला. त्या दुपारी जेठ जेवताना सासूबाईंना सांगत होते की या मशीनने लाइटबिल वाढणार.

काही महिन्यांनी आम्ही चाळीसगाव रस्त्याला भाड्याची जागा घेतली. मशीन टेम्पोत चढवताना जेठ आले आणि नवऱ्याला म्हणाले, रॉड आपल्या जमिनीत आहे, तो इथंच राहील. नवरा माझ्याकडे बघायला लागला.

"राहू द्या," मी जेठांना म्हटलं. "तुम्हाला शॉक लागायला नको."

हे मी काळजीपोटी बोलले नव्हते. टोचावं म्हणून बोलले, आणि ते टोचलेलं मला दिसलं. टेम्पो निघाल्यावर नवरा म्हणाला की एवढं बोलायची गरज नव्हती. मी म्हटलं, होती.